बाबांची तब्येत सुधारलेली दिसते

रविवार, जहाजावरून

छटाक,

तुझा ईमेलचा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून काढून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. तिने बिचारीने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण मी तिची मावशी आहे, माझ्यापुढे तिचं काय चालणार? फोन मी मुद्दाम केला नाही, कारण तो तू उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, ते आपलं येऊन पडतं. वाचायचं की नाही ते तू ठरव.

आम्ही जहाजावर आहोत, मी आणि बाबा. हसलास ना? मीही हसले होते. लग्नानंतर 'तुला फिरायला नेतो' म्हणून मला वजनकाट्यांच्या कारखान्यात घेऊन गेलेला हा माणूस. जन्म दुकानाच्या फळीमागे गेला. त्याने मला न विचारता भूमध्य समुद्राच्या सफरीची तिकिटं काढली! मी भाजी निवडत होते. म्हटलं, "कुठला समुद्र?" तर म्हणाले, "भूमध्य. ज्याच्या नावातच मध्य आहे तिथे काटा सरळ उभा राहत असेल. बघून येऊ." काट्याचा धंदा करणाऱ्या माणसाची चेष्टाही काट्याचीच.

आमची खोली आपल्या दुकानाच्या माडीएवढी आहे. खिडकी उघडत नाही, पण तिच्यातून नुसतं पाणी दिसतं. न्हाणीघरात साबण घ्यायला वळलं की कोपर दाराला आपटतं. बाबांना हे सगळं फार आवडलंय. "एकही कोपरा वाया घालवलेला नाही," असं दोनदा म्हणाले.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी जहाज तुझ्या बंदराला लागतंय. सकाळी लागेल, संध्याकाळी सुटेल. बाबांनी जहाजांची ढीगभर पत्रकं आणली होती आणि त्यातलं हेच निवडलं. का, ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. पण तोंडाने एक अक्षर काढतील तर शपथ. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची खोड तुला नवीन नाही. धक्क्यावर घड्याळाचा मनोरा आहे आणि त्याच्याखाली बाकं आहेत, असं पत्रकातल्या चित्रात दिसतं. आम्ही तिथे बसू.

बाबांची चौकशी तू करणार नाहीस, म्हणून आपणहून सांगते. बरे आहेत. गोळ्या चालू आहेत, पण या वयात त्या कुणाला नसतात? सोबत फोटो जोडलाय. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी काढला.

तुझी आई

मंगळवार

छटाक,

तुझं उत्तर आलं. "फोटो पाहिला. बाबांची तब्येत सुधारलेली दिसते. शुक्रवारचं बघतो." इतक्या वर्षांनी तुझा शब्द आला आणि तो 'बघतो' निघाला. असू दे. 'नाही' तर म्हणाला नाहीस.

बाबांना वाचून दाखवलं. खुर्चीत बसून मोजे चढवत होते, ते तसेच थांबले. मग इतके हसले की ठसका लागला. "सुधारलीच आहे की! पँटचं बटण लागत नाही माझं." थोड्या वेळाने म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "सुधारली म्हणाला, का सुधारलेली दिसते म्हणाला?" म्हटलं, "दिसते म्हणाला." "हं," म्हणाले, "बघण्यात अजून नेमका आहे."

भूक त्यांना सध्या भरपूर लागते. सकाळचा नाश्ता झाला की परत ताट घेऊन रांगेत. इथे कुणी कुणाला मोजत नाही, पाहिजे तेवढं खा. जहाजवाल्यांना या सफरीत खोट येणार असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मग वसूल नको करायला?" गोड खातात, तळलेलं खातात, मी डोळे वटारत नाही. एवढ्या वर्षांचा माझा धाक गेला कुठे, असं त्यांनाच वाटत असेल.

काल मात्र खरी मजा झाली. इथे व्यायामशाळेत वजनाचा काटा आहे. बाबा त्यावर उभे राहिले, उतरले, परत उभे राहिले, आणि सरळ स्वागतकक्षात जाऊन तक्रार करून आले की काटा भलतंच दाखवतोय. तिथल्या मुलीला काही कळेना. मग त्यांनी तिला हातवारे करून समजावलं. लाट जहाजाला वर उचलते तेव्हा माणूस जड भरतो, खाली सोडते तेव्हा हलका, त्यामुळे चालत्या जहाजात असल्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिने गंमत म्हणून मुख्य आचाऱ्याला बोलावलं, आणि तो आम्हाला थेट भटारखान्यात घेऊन गेला. तिथे काय होतं माहितीये? दोन पारड्यांचा जुना तराजू! आचारी अजून बेकरीचं पीठ त्याच्यावर मोजतो. कारण लाट आली तरी दोन्ही पारडी एकदमच हलतात, तो फसत नाही. बाबांनी त्या तराजूला असा हात लावला की मला आपलं उगीच रडू आलं. मग कमरेला फडकं बांधून पीठ मोजायला उभे राहिले. पिशवी उचलताना थोडं सांडलं, पण जहाज हलत होतं.

मी सुखात आहे का, असं तू विचारणार नाहीस, पण आहे. संध्याकाळी वरच्या मजल्यावर वाजंत्री असते. बाबांनी मला चक्क नाचायला ओढलं. आमच्या वयाच्या जोडप्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी पावलं चुकत होती आणि त्यांची त्याहून जास्त.

शुक्रवारच्या 'बघतो'चं 'येतो' कर.

आई

बुधवार (पाठवलं नाही, मसुद्यातच आहे)

छटाक,

हे तुला पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

बाबांची तब्येत सुधारलेली नाही रे. त्यांच्या डोक्यात गाठ आहे. एकदा काढली, किरणं दिली, ती परत आली. शेवटच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आमच्याजवळ ओढली तेव्हाच मला कळलं. आतापर्यंत त्या नेहमी टेबलापलीकडून बोलायच्या. म्हणाल्या, "आता जी औषधं देते ती फक्त सूज आवरायला. मनात काही असेल तर या दिवसांत करून घ्या." बाहेर आल्यावर बाबांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर फुटपाथवर उभं राहून विचारलं, "पोराचं बंदर कुठल्या समुद्रावर आहे गं?"

तोंड गोल झालंय, पोट सुटलंय, सारखी भूक लागते, हे सगळं त्या गोळ्यांचं. अंगात सूज भरलीये आणि जो तो म्हणतो तब्येत छान झाली. दूधवाला म्हणाला, "वहिनी, साहेबांना काय खायला घालता?" खालची शेजारीण म्हणाली, "निवृत्ती मानवली हो." मी सगळ्यांना हसून हो म्हणते. आपल्याकडे माणूस जाडजूड झाला की तब्येत सुधारली आणि वाळला की बिघडली, याच्यापलीकडे कुणी बघतच नाही. तूही बघितलं नाहीस. पण तुझा काय दोष, फोटोतला माणूस हसत होता.

पीठ जहाज हलल्यामुळे सांडलं नाही. डावा हात ऐकत नाही. शर्टाची बटणं मी लावते. शब्द अडतात. चमच्याला परवा 'ते ढवळायचं' म्हणाले.

तुला कळवू या म्हणून मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले होते. म्हणाले, "आजार सांगून बोलावणं म्हणजे पारड्याला बोट लावणं. आला तर आपल्या वजनाने येऊ दे."

"अहो, तो पोरगा आहे तुमचा, साखर नाही."

"तेच सांगतोय. लोकांच्या साखरेला कधी बोट लावलं नाही. पोराला लावू?"

आणि माझ्याकडून वचन घेतलं.

असला हा माणूस. तुझ्या वेळीही असलाच वागला. मित्राने गळ घातली म्हणून तू त्याच्या दुकानातला काटा न तपासता त्यावर शिक्का मारलास. काटा जास्त दाखवत होता, गिऱ्हाइकाला माल कमी जात होता. दुसरं कुणी असतं तर शिक्का गुपचूप खरवडून काढला असता. बाबा अंगात स्वच्छ शर्ट घालून वजनमापांच्या कचेरीत गेले आणि सांगून आले, "शिक्का माझ्या मुलाचा आहे." तुझा काटे तपासण्याचा परवाना गेला. आठवड्याच्या आत तूही गेलास. जाताना पाठीमागे न बघता म्हणालास, "तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ." त्यांनी तुला थांबवलं नाही. मला आजही कळत नाही की मी कुणाला आधी बडवायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझ्या घरात असे दोन सुंभ.

तू आता बंदरावर मालाच्या काट्यावरच काम करतोस हे कळलं. त्या दिवशी बाबांनी दुकान लवकर बंद केलं आणि मला बाहेर जेवायला नेलं.

मला भीती वाटते. शुक्रवारी तू आला नाहीस तर त्यांना परत कुठला शुक्रवार मिळायचा नाही. हे मला एका ओळीत तुला सांगता येईल. बोट इथे 'पाठवा'च्या बटणावर आहे. पण मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द आहे, मोडवत नाही.

शुक्रवार, जहाज सुटल्यावर

तू आला नाहीस.

सकाळी मी बाबांची दाढी केली. मागच्या बंदरात त्यांच्यासाठी नवीन शर्ट घेतला होता, पोटावर बसेल असा. घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "फार मोठा दिसतो का मी? ओळखेल ना?" मी म्हटलं, "नाकावरून ओळखेल. नाक तेच आहे."

आम्ही घड्याळाखाली सगळ्यांत पहिल्या बाकावर बसलो. तुझं बंदर छान आहे. दगड धुतलेले असतात, मासे विकणाऱ्या बायका भांडतात आणि लगेच हसतात. उंच माणूस दिसला की बाबा सरसावून बसायचे. तो जवळ आला की कुणी दुसराच निघायचा. मी पाण्याची बाटली पुढे केली तर चिडले, "मध्येच कशाला? इतक्यात येईल तो." दुपारी सावली सरकली, आम्ही बाक बदललं. मग बाबा स्वतःच म्हणाले, "आइस्क्रीम खाऊ या." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एक खाल्लं, दुसरं मागितलं. डाव्या बाजूने हनुवटीवर ओघळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. एका बाईचं कुत्रं आलं आणि त्यांच्या हातातलं अर्धं चाटून गेलं. बाबा हो हो करून हसायला लागले. मग मीही हसले, पोट धरून हसले. तोवर माझ्यातलं सगळं संपलं होतं, हसणं तेवढं राहिलं होतं.

जहाजाचा भोंगा झाला तेव्हा म्हणाले, "शिफ्ट असेल त्याची." शिडीशी थांबून मालाच्या धक्क्यावरचा मोठा काटा त्यांनी लांबून बघितला. "नीट बसवलाय," म्हणाले. बस, एवढंच.

मी तुझ्यावर रागावले आहे. इतकी तर त्यांच्यावरही कधी रागावले नाही.

आई

रविवार

छटाक,

तुझं पत्र काल आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "आई, मी आलो होतो. तिकीटघराच्या खांबापाशी बराच वेळ उभा होतो. बाबा आइस्क्रीम खात होते. तुम्ही दोघं एका कुत्र्याकडे बघून खदखदून हसत होतात. तुम्हाला इतकं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यावाचून काही अडलं नाही हे बघून एकीकडे बरं वाटलं. मध्ये येऊन विरजण कशाला घालू? तब्येतही चांगली वाटली. पुढच्या वर्षी रजा काढून घरीच येतो. तोवर माझाही राग निवेल."

पुढच्या वर्षी.

या पत्राच्या खाली बुधवारचं एक पत्र जोडलंय. ते आधी वाच. वरातीमागून घोडं आहे, ठाऊक आहे मला. मी वचन मोडलं. मोडायचं होतं तर बुधवारीच का नाही मोडलं, हे मी मलाच विचारते. तूही विचारशील. विचार.

आता पुढचं ऐक. शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर बाबांना फिट आली. थाळ्या पडल्या, लोक उठले, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. जहाजाच्या खालच्या मजल्यावर दवाखाना आहे, तिथे नेलं. खोली पांढरी, पलंगाला कठडे, आणि पाण्याचा आवाज भिंतीला कान लावल्यासारखा जवळून येतो. तिथला नर्स हा पुरुष आहे. मी त्याला मनातल्या मनात पैलवान म्हणते. डोक्यावर केस नाही, तुझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठा, दंड माझ्या मांडीएवढे. तो कुठल्या मुलखाचा कोण जाणे, आपल्या भाषेतलं एक अक्षर त्याला येत नाही. पण बाबांना कूस बदलून देतो ती इतक्या हळू की मी बघत राहते.

काल दुपारी बाबांनी डोळे उघडले. पैलवान त्यांचं तोंड पुसत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाले, "छटाक, आलास?"

मी टॉवेल घेऊन उभी होते. मला वाटलं चुकून तोंडातून आलं असेल. पण त्यांनी उजव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. "बस," म्हणाले. पैलवानाने माझ्याकडे बघितलं आणि पलंगाच्या कडेवर बसला.

मग बाबा बोलले. गेल्या महिन्यात इतकं सलग बोलले नव्हते. शब्द शोधावे लागत होते, पण शोधून शोधून आणत होते. म्हणाले, "आधीच सांगतो, काटा चूक होता. आजही मी कचेरीत जाईन." पैलवानाने मान हलवली. "पण आदल्या रात्री आपण समोरासमोर जेवत होतो. तू मला वाढलंस. मला सगळं माहीत होतं आणि मी बोललो नाही. तुला आधी सांगायला हवं होतं. तूच चालत गेला असतास कचेरीत, मला खात्री आहे. ती संधी मी तुला दिली नाही. माझं माप तिथे चुकलं." पैलवान मानेने हो हो करत होता, माणूस दुखण्यात बरळला की करतात तसा. बाबा माझ्याकडे वळले. "हो म्हणाला गं. ऐकलंस? हो म्हणाला." त्यांचे डोळे भरले होते. मग त्याला विचारलं, "जेवलास?" आणि बोटं तोंडाशी नेली. ते त्याला समजलं, त्याने पोटावर हात फिरवून मान डोलावली. बाबांनी मनगट सोडलं आणि झोपले.

तो तू नाहीस हे मी सांगू शकले असते. मी टॉवेलाची घडी घातली.

तेव्हापासून बाबा शांत आहेत. तुला सांगायला हे सगळ्यात अवघड जातंय, पण सांगते. ते आता दाराकडे बघत नाहीत. घरी असताना, रुग्णालयात असताना, बाकावर बसलेले असताना, कुठेही असले तरी त्यांचा एक डोळा दाराकडे असायचा. आता नाही. सकाळी मला म्हणाले, "पोरगा सुधारला. पण केस गेले बिचाऱ्याचे." मी हसले. काय करू?

जहाजाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परत घरापर्यंतचा प्रवास झेपणार नाही. उद्या सकाळी पुढच्या बंदराला लागलो की आम्हाला उतरवून तिथल्या रुग्णालयात नेतील. पत्ता शेवटी लिहिलाय. तुझ्या गावाहून गाडीने एका दिवसात पोहोचता येतं असं स्वागतकक्षातली ती मुलगी म्हणाली. पैलवान अर्थात आमच्याबरोबर उतरणार नाही. त्याचं जहाज पुढे जाणार.

तेव्हा तू ये. मला तू हवा आहेस. या परक्या गावात मी एकटी त्यांच्या उशाशी बसू शकणार नाही, आणि नंतरचं जे आहे ते तर मुळीच नाही. पण तुझ्यापासून काही लपवत नाही आता. बाबांच्या लेखी मुलगा येऊन गेला. बोलणं झालं, तो हो म्हणाला, जेवलासुद्धा. तू दारात उभा राहून 'बाबा, मी आलो' म्हणालास तर ते मला विचारतील, हा कोण? आणि त्यांना खरं पटवून देण्याइतका वेळ त्यांच्याकडे नाही. पटलं तर ते परत वाट बघायला लागतील, आणि ते मला बघवणार नाही.

म्हणून निघताना एक ओळ टाक. तू कोण म्हणून येणार तेवढं कळव, म्हणजे मी त्यांना तसं सांगून ठेवीन.

आई